बूस्ट आला की गाडी पेट्रोलवर पडते: टर्बो आणि एलपीजीचं परत परत उलटणारं दुखणं

दुखणं असं. कोल्हापुरातनं निघायचं, शिवाजी पूल ओलांडायचा, केर्लीपर्यंत गाडी गॅसवर लोण्यासारखी चालते. वाघबीळचा चढ लागतो, तिसऱ्या गिअरमध्ये पाय खाली दिला की टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, जोर धरतो (हवेचा तो वाढीव दाब म्हणजे बूस्ट), आठ-दहा सेकंद गाडी सुसाट, आणि मग एक झटका. पाठोपाठ दुसरा. गॅसच्या बटणातून पीं-पीं-पीं आणि गाडी पेट्रोलवर. पन्हाळ्याला पोचेपर्यंत चेक इंजिनचा दिवा लागलेला. स्कॅनर लावला की पी-०१७१, म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी), आणि कधी जोडीला पी-०३००, म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणं. कोड पुसला की चार-पाच दिवस सगळं छान. मग पुन्हा तोच चढ, तोच झटका.

गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं वीस व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन, कंपनीतून १५० पीएस. आधीच्या मालकानं रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून ठेवलेली, त्यामुळे आता अंदाजे १९०. ती तशी साध्या पेट्रोलवर उन्हाळ्यात नॉक करायची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठकठकायचं. एलपीजीचा ऑक्टेन, म्हणजे नॉक न होऊ देण्याची ताकद, शंभराच्या वर, म्हणून हौसेनं किट बसवलं. "एवढी भारी गाडी आणि गॅसवर?" असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पटत नाही, पण टर्बोला गॅस मनापासून आवडतो, फक्त तो नीट पोचायला हवा.

एप्रिलमध्ये किट बसलं. जून ते ऑक्टोबर हे दुखणं चार वेळा बरं झालं आणि चार वेळा उलटलं. दर वेळी लक्षण तेच, कारण मात्र वेगळं. म्हणून सविस्तर लिहितोय.

गोष्ट ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी: मॅपला, म्हणजे गॅस किती सोडायचा त्या सेटिंगला, हात लावू नका. लॅपटॉप जोडा, चढावर पूर्ण बूस्टमध्ये रेकॉर्डिंग घ्या आणि चार रेषा एकाखाली एक बघा. रिड्युसरचं (द्रव गॅसचा वायू करणारा डबा) तापमान, गॅसचा दाब, मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) दाब, आणि गॅस इंजेक्टर (गॅस सोडणारी झडप) उघडा राहण्याचा वेळ. तापमान पडत असेल तर पाण्याच्या नळ्या बघा. तापमान ठीक पण दाब हळूहळू बसत असेल तर फिल्टर, पाइप किंवा रिड्युसरची ताकद. दाब ठीक पण वेळ संपत असेल तर नोझल, म्हणजे इंजेक्टरचं छिद्राचं तोंड. आणि बूस्ट चढतो त्याच क्षणी दाब पडत असेल, तर ती एक बोटभर रबरी नळी बघा जिच्यापायी माझा पावसाळा गेला.

कोड पुसल्यावर चार दिवस बरं का वाटतं

हे समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. सिक्वेन्शियल किटमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेल्या किटमध्ये, गॅसचा ईसीयू (छोटा संगणक) स्वतः फारसा विचार करत नाही. पेट्रोलचा ईसीयू इंजेक्टरला जो पल्स देतो तो हा मध्येच वाचतो, त्याला एका आकड्यानं गुणतो, दाब आणि तापमानाची दुरुस्ती करतो आणि गॅसचे इंजेक्टर तेवढा वेळ उघडतो. तो गुणाकाराचा आकडा म्हणजेच मॅप. मालक पेट्रोलचा ईसीयूच. गॅसवाला त्याचा गडी.

आता गॅस दहा टक्के कमी पडला, की लॅम्डा सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा, मालकाला सांगतो मिश्रण पातळ आहे. मालक पल्स वाढवतो. असं रोज होऊ लागलं की तो ते पाठ करून ठेवतो, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. ट्रिम मर्यादेबाहेर गेली की दिवा लागतो. कोड पुसताना ही पाठ केलेली ट्रिमही पुसली जाते, म्हणून चार दिवस दिवा लागत नाही. रोग आत आहे तसाच असतो. पुसणाऱ्याला वाटतं आपण दुरुस्त केली.

याची उलटी बाजू जास्त त्रासाची. गॅसवर शिकलेली ट्रिम पेट्रोलवरही लागू होते. त्यामुळे सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू होते तेव्हा खोकते, काळा धूर देते, आणि माणूस पेट्रोलचे इंजेक्टर साफ करायला काढतो. आमच्या ओळखीत एकानं काढलेत.

म्हणून पहिली चाचणी फुकटची आहे. एक-दोन दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा, ट्रिम शून्याच्या आसपास स्थिर होऊ द्या. मग गॅसवर टाका आणि आयडलला, २५०० आरपीएमला सरळ रस्त्यावर आणि हलक्या चढावर ट्रिम किती सरकते ते बघा. तीन-चार टक्क्यांच्या आत असेल तर मॅप बरोबर आहे, त्याला शिवू नका. माझी उजळाईवाडीच्या सपाट रस्त्यावर दोन टक्के सरकायची आणि वाघबीळला वीसच्या वर जायची. मॅप चुकला असता तर सपाटीवरही बोंब झाली असती.

पहिले तीन उपाय, जे करायला नको होते असं नाही

पहिल्यांदा प्लग. यात चूक नव्हती. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, आणि बूस्टमध्ये सिलिंडरमधला दाब वाढला की आणखी जास्त. पेट्रोलवर कसाबसा चालणारा कॉइल गॅसवर उघडा पडतो. प्लग नवे घातले, गॅप ०.७ मिमी केला, दोन नंबरचा कॉइल बदलला. मिसफायरचा कोड कायमचा गेला. पी-०१७१ दहा दिवसांनी हजर.

मग मामा. आमचे गॅसवाले मामा म्हणजे हात सोन्याचा माणूस. उभं आयुष्य ओम्नी, आठशे, रिक्षा, वॅगन आर गॅसवर करण्यात गेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवो, टर्बो हवा जास्त ढकलतोय, गॅस कमी पडतोय. मॅप जरा रिच करतो. हाय काय नि न्हाई काय." केला. चढावर थोडा फरक पडला, पण खालच्या लोडला गाडी रिच झाली, म्हणजे मिश्रणात गॅस जास्त. ट्रिम उणे अठरा, आयडलला घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघर, आणि गॅसचा खर्च वाढला. आठ दिवसांनी मीच जुना मॅप परत टाकून घेतला. रिच करण्याआधी जुना मॅप लॅपटॉपवर जतन करून ठेवा, एवढं तरी करा.

तिसरा उपाय फिल्टर. दोन असतात. एक रिड्युसरच्या आधी, बंद-चालू करणाऱ्या सोलेनॉइडमध्ये, द्रव गॅससाठी. दुसरा रिड्युसरनंतर, वायूसाठी. दुसऱ्यातून काळं, चिकट, वास येणारं तेल निघालं, चहाचा चमचाभर. गॅसबरोबर येणारे जड अंश रिड्युसरमध्ये आणि फिल्टरमध्ये साठतात, ते नेहमीचंच आहे. फिल्टर बदलल्यावर चक्क पंधरा दिवस गाडी बरी होती.

फिल्टर उघडताना एक सांगतो. आधी टाकीच्या मल्टिव्हॉल्व्हवरची हाताची चावी बंद करा, इंजिन गॅसवर चालू ठेवा, लाइनमधला गॅस संपून गाडी आपोआप पेट्रोलवर पडू द्या, मगच पाना लावा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळालेला गॅस वर उडून जात नाही, जमिनीवर बसतो. सर्व्हिसच्या पिटवर गाडी उभी करून हे काम कधीच करायचं नाही. पिट भरतो आणि कळत नाही.

चढावरचं रेकॉर्डिंग

जुलैमध्ये शेवटी मी लॅपटॉप मित्राच्या मांडीवर दिला आणि निघालो. पाऊस, वाघबीळला धुकं, काचेवर वाफ. मित्र ओरडून आकडे सांगतोय.

चढ सुरू होताना रिड्युसरचं तापमान ७४. पूर्ण पाय दिल्यावर दहा सेकंदात ५०. मग ३५. मग १९, आणि बझर. त्याच वेळात गॅसचा दाब १.२ बारवरून ०.७ ला. इंजिनच्या तापमानाचा काटा जागचा हललेला नव्हता, बरोबर ९० वर.

बाजूला थांबून बॉनेट उघडलं. इंजिनवर हात ठेवता येत नव्हता आणि त्याच्या शेजारी रिड्युसरला घाम फुटलेला, थंड सोड्याच्या बाटलीसारखा. तिथंच उत्तर मिळालं. इंजिनचं गरम पाणी रिड्युसरपर्यंत जातच नव्हतं.

टाकीत गॅस द्रवरूपात असतो. इंजेक्टरला तो वायू म्हणून लागतो. द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते, किलोला साधारण ४०० किलोज्यूल. १९० पीएस म्हणजे १४० किलोवॅट. पूर्ण बूस्टमध्ये एवढी ताकद काढायला सेकंदाला दहा ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. गुणाकार करा: चार किलोवॅट. म्हणजे न्हाणीघरातले २ किलोवॅटचे दोन गिझर एकाच वेळी चालू ठेवल्याएवढी उष्णता, मुठीएवढ्या त्या ॲल्युमिनियमच्या डब्यातून सतत ओढली जाते. ओम्नीला यातली पाव भागही लागत नाही. तिथं पाणी कुठूनही दिलं तरी चालून जातं.

माझ्या गाडीत पाणी थ्रॉटल बॉडीच्या बारक्या नळीतून टी मारून, म्हणजे फाटा काढून, घेतलं होतं. वर रिड्युसर बसवला होता पाण्याच्या एक्स्पान्शन टाकीच्या पातळीपेक्षा उंच. हवा नेहमी सर्वात उंच जागी जाऊन बसते, त्यामुळे तिथं एअर लॉक. आयडलला किंवा शहरात थोडंफार पाणी फिरतं म्हणून ७४ दिसायचं. मागणी वाढली की डबा थंड. मामांच्या शेडमध्ये उभ्या गाडीत कितीही रेस दिली तरी हे दिसणार नव्हतं, कारण लोड नसताना गॅस जळतोच किती.

दुरुस्ती: रिड्युसर खाली आणला, बॅटरीच्या ट्रेच्या बाजूला, टाकीच्या पातळीच्या खाली. पाणी हीटरच्या मुख्य नळीतून घेतलं, १६ मिमीच्या टीनं. कूलंट भरून, हीटर फुल गरमवर ठेवून, टाकीचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं आणि नळ्या हातानं दाबत हवा काढली. झाकण उघडण्याआधी मात्र इंजिन थंड असू द्या. गरम इंजिनावर ते झाकण उघडायला जाणाऱ्यांचे भाजलेले हात मी पाहिलेत.

पुढच्या चढाला तापमान ६८ च्या खाली गेलं नाही. दाब मात्र १.२ वरून ०.९५ पर्यंत बसत होता. रिड्युसर कमी ताकदीच्या इंजिनाचा होता. तो बदलून त्याच कंपनीचा मोठ्या इंजिनासाठी मान्यता असलेला घेतला, आणि टाकीपासूनचा ६ मिमीचा पाइप काढून ८ मिमीचा घातला. टाकीतला गॅस स्वतःच्याच दाबावर उकळायच्या बेतात असतो. वाटेत जरा अडथळा झाला, दाब थोडा पडला, की पाइपमध्येच बुडबुडे धरतो आणि रिड्युसरला द्रवाऐवजी फेस मिळतो. पाइप सायलेन्सरच्या जवळून नेला असेल तर हेच. या भागावर मी फार वेळ घालवला नाही, एका शनिवारात काम झालं.

इंजेक्टरला वेळ पुरत नाही

तीन आठवडे शांतता. मग ऑगस्टमध्ये पुन्हा, पण आता फक्त ५५०० च्या वर. वाघबीळला एवढं कोण ओढतं, तर मी ओढतो.

यामागचं गणित सोपं आहे. ६००० आरपीएमला इंजिन सेकंदाला १०० फेरे मारतं. चार स्ट्रोकचं एक चक्र दोन फेऱ्यांचं, म्हणजे २० मिलिसेकंद. या २० मिलिसेकंदांत त्या सिलिंडरचा सगळा गॅस जायला हवा. रेकॉर्डिंगमध्ये पेट्रोलचा पल्स १४ आणि गॅसचा १९.५. म्हणजे गॅसचा इंजेक्टर जवळजवळ बंदच होत नव्हता. त्यात दाब जरा पडला की गॅसचा ईसीयू दुरुस्ती म्हणून वेळ वाढवायला जातो, आणि वाढवायला वेळ उरलेलाच नसतो.

इथं मागचे दोन्ही उपाय का थोडे थोडे लागू पडत होते ते कळलं. थंड रिड्युसरमुळे दाब पडायचा, दाब पडला की वेळ वाढायचा, वेळ संपला की मिश्रण पातळ. फिल्टर बदलला तेव्हा दाब थोडा सुधारला, वेळ थोडा वाचला, म्हणून पंधरा दिवस निघाले. प्रत्येक उपायानं साखळीतली एक कडी सैल व्हायची, साखळी तुटायची नाही.

उपाय मोठं नोझल. ते पितळी असतं आणि हव्या मापाला ड्रिल करूनच बसवतात. माझी २.२ मिमीची होती, २.६ करायचं ठरवलं. व्यास अठरा टक्के वाढतो, पण क्षेत्रफळ चाळीस टक्के. म्हणजे त्याच गॅसला वेळ त्या प्रमाणात कमी.

माझं लेथचं युनिट उद्यमनगरात. चार पितळी नोझलं म्हणजे चहा होईपर्यंतचं काम, असं समजून मी ती हातातल्या ड्रिलनं केली. आयुष्य जॉब मायक्रॉनमध्ये मोजण्यात गेलेला माणूस आणि घरचं काम आलं की हा अवतार. परिणाम असा की तीन नंबरचं छिद्र किंचित अंडाकृती, तो सिलिंडर रिच, बाकीचे तीन पातळ, आणि ईसीयू सरासरीवर समाधानी. लॅम्डा सेन्सर चौघांचा मिळून एकच असतो, त्याला हे दिसत नाही. प्लग काढल्यावर दिसलं: तीन नंबरचा काळा, एक नंबरचा पांढराफटक. टर्बोत पांढरा प्लग म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजण्याची सुरुवात. गॅसला आधीच पेट्रोलसारखं व्हॉल्व्हच्या सीटला काही थंडावा किंवा वंगण मिळत नाही.

नवी चार नोझलं घेतली, लेथवर धरली, २.५ च्या ड्रिलनं छिद्र आणि २.६ च्या रीमरनं फिनिश, आतली कोर काढून, आणि पिन गेजनं चारही तपासली. मग मॅप नव्यानं केला. इथं करायलाच लागतो. मोठ्या नोझलचा तोटा आयडलला. तिथं गॅसचा वेळ २.८ मिलिसेकंदांवर आला, आणि गॅसचे इंजेक्टर एवढ्या कमी वेळात नीट उघडत-मिटत नाहीत. एसी लावला की आयडल किंचित हलते. टर्बोत नोझल निवडणं म्हणजे वर ६००० ला पुरलं पाहिजे आणि खाली ८०० लाही जमलं पाहिजे, ही ओढाताण.

व्हॅक्यूमची नळी

सप्टेंबर गेला. दसऱ्याला गाडीला हार घातला, दुसऱ्या दिवशी गगनबावड्याला निघालो आणि कळ्याच्या पुढं ओव्हरटेक करताना, पाय दिल्या दिल्या, झटका. आठ-दहा सेकंदांनी नाही, लगेच. हा फरक तेव्हा लक्षात यायला हवा होता. मी वैतागलो होतो, त्यामुळे आला नाही.

परत येऊन मामांकडे. उभ्या गाडीत सगळं तपासलं. दाब १.२, तापमान ८०, ट्रिम एक टक्का. गाडी निरोगी. शिरोलीच्या रस्त्यावर मामांना घेऊन पाय दिला, झटका. परत शेडमध्ये, निरोगी.

रेकॉर्डिंगमध्ये एक विचित्र गोष्ट होती. मॅनिफोल्डचा दाब ज्या क्षणी हवेच्या दाबाच्या वर चढायचा, बरोबर त्याच क्षणी गॅसचा दाब खाली यायचा. दोन रेषा कात्रीसारख्या.

रिड्युसर मॅनिफोल्डशी एका रबरी नळीनं जोडलेला असतो. त्याला कळायला हवं की आत किती दाब आहे, म्हणजे तो नेहमी त्यापेक्षा सुमारे १.२ बार जास्त दाबानं गॅस देईल. आयडलला आत व्हॅक्यूम, तेव्हा कमी. बूस्ट १ बार, तेव्हा २.२. आता ती नळी कुठं सुटली किंवा फाटली तर रिड्युसरला बूस्ट कळतच नाही. तो बाहेरच्या हवेच्या हिशेबानं १.२ च देत राहतो. आत १ बार असताना इंजेक्टरला फरक उरतो ०.२. गॅस जाणार कसा? माझ्या वाइडबँड मीटरवर पूर्ण बूस्टमध्ये लॅम्डा १.०८ दिसला होता (१ च्या वर म्हणजे पातळ, खाली म्हणजे रिच). तिथं ०.८५ च्या आसपास हवा. एवढ्या पातळ मिश्रणावर बूस्टमध्ये अर्धा मिनिट काढलं असतं तर हे लिहायच्या ऐवजी मी टर्बो शोधत फिरलो असतो. गाडी झटका देऊन पेट्रोलवर पडत होती ते तिचे उपकार.

ही नळी मी तीन वेळा हातानं ओढून बघितली होती. घट्ट. मामांनीही बघितली होती. मी विचारलं, हिला क्लिप का नाही? मामा म्हणाले, "व्हॅक्यूमच्या नळीला क्लिप कशाला? व्हॅक्यूमच धरून ठेवतंय की तिला."

आणि बोलता बोलता मामाच थांबले.

नावातच फसवणूक आहे. साध्या इंजिनात त्या नळीत कायम व्हॅक्यूमच असतो. तो नळीला निपलवर ओढून बसवतो, बारीक चीर असली तरी तिचे ओठ मिटवतो. मामांनी हजार गाड्या केल्या आणि त्या प्रत्येक गाडीत हे खरं होतं. टर्बोत तीच नळी पाय दिला की फुगते. माझ्या नळीला रिड्युसरच्या निपलच्या अगदी तोंडाशी खालच्या बाजूनं दीड सेंटिमीटरची चीर गेली होती. आयडलला मिटलेली, बूस्टला उघडी. उभ्या गाडीत ती कुणालाही सापडली नसती.

सापडवायची रीत स्वस्तातली आहे. इंजिन बंद. नळी मॅनिफोल्डच्या बाजूनं सोडवा, तिथं सायकलचा पंप जोडा, काटा बघत १ बार हवा भरा आणि नळीभर साबणाचं पाणी फिरवा. त्याहून जास्त भरू नका, त्याच नळीवर गॅसच्या ईसीयूचा प्रेशर सेन्सर टी मारून जोडलेला असतो. फेस आला तिथं चीर. काटा उतरत नसेल तर नळी निर्दोष.

नवी नळी जाड भिंतीची, आतून धाग्याची, दोन्ही टोकांना आणि टीलाही क्लिपा. ती थ्रॉटलच्या पुढं, मॅनिफोल्डवरच्या स्वतंत्र निपलवरून घेतली. वेस्टगेटच्या (टर्बोचा बूस्ट आवरणारी झडप) किंवा ब्रेक बूस्टरच्या नळीत टी मारायची नाही.

मग मागं वळून बघितलं तेव्हा सगळ्या दुखण्यांचं गोत्र एकच निघालं. बारीक पाण्याची नळी, लहान रिड्युसर, लहान नोझल, बिनक्लिपची नळी. यातलं काहीही ओम्नीत चूक नाही. मामांना दोष देता येत नाही, आणि त्यांनी त्यानंतर माझ्याकडून मजुरीही घेतली नाही. आता कुणी टर्बो गाडी घेऊन आला की ते क्लिपांचा डबा आधी काढतात.

थोडं इकडचं तिकडचं

टीएसआयसारखं डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन असेल तर वरचं सगळं तसंच्या तसं लावू नका. तिथं पेट्रोलचे इंजेक्टर थेट ज्वलनकक्षात असतात आणि त्यांना थंड ठेवायला थोडं पेट्रोल जात राहावंच लागतं. त्याचे किट वेगळे.

पेट्रोलची टाकी रिकामी ठेवून गॅसवर फिरू नका. पेट्रोलचा पंप टाकीतल्या पेट्रोलनंच थंड होतो. पाव टाकी तरी असू द्या.

कागदपत्रं: मोटार वाहन नियमावलीच्या ११५-सी नियमाखाली मान्यता असलेलाच किट, आरसीवर एलपीजीची नोंद आणि विमा कंपनीला कळवणं. एमएच-०९ च्या गाड्यांना ही नोंद नसली तर पासिंगला प्रश्न येतोच. त्याहून मोठा प्रश्न अपघातानंतर विम्याच्या वेळी. टाकीची हायड्रो टेस्ट दर पाच वर्षांनी. स्टेपनीच्या जागेतली ६० लिटरची टाकी ४८ लाच बंद होते, मल्टिव्हॉल्व्ह ८० टक्क्यांवर भरणं थांबवतो. पंपावरच्या पोराशी त्यावरून भांडू नका.

घरगुती सिलिंडरमधून भरणाऱ्यांसाठी माझ्याकडे काही नाही.

दिवाळीच्या आधी शेवटचं रेकॉर्डिंग केलं. वाघबीळ, तिसरा गिअर, पायथ्यापासून वरच्या वळणापर्यंत पाय खाली. तापमान सर्वात कमी ६९. दाब १.१५ ते १.२. गॅसचा वेळ सर्वात जास्त १४.५. लॅम्डा ०.८६. बझर गप्प. आयडल एसीवर अजून हलते. चार कोरी नोझलं आणून ठेवली आहेत, भाऊबीज झाली की २.५ करून बघतो.